प्याद्यांचा विरंगुळा

डोकं दुखायला लागलं की माणसानं ते उशीला टेकून स्वस्थ पडावं, असं डॉक्टर सांगतात. पण माणसाची जातच अशी चमत्कारिक, की दिवसभर वापरून वापरून दुखायला लागलेलं डोकं संध्याकाळी तो आणखी वापरतो आणि त्याला विश्रांती म्हणतो. हमाल घरी आल्यावर गंमत म्हणून शेजाऱ्यांची पोती उचलत नाही. शिंपी जेवणानंतर हौसेनं चार काजी करीत बसत नाही. कारकून मात्र दिवसभर आकडे जुळवून घरी येतो, चहाचा कप तोंडाला लावतो आणि चौसष्ट घरांचा पट मांडतो. ज्याच्या एका घराचा हप्ता फिटता फिटत नाही, तो चौसष्ट घरांची काळजी आपणहून अंगावर घेतो!

हा प्रकार मी कोपरला राहून पाहतो. ठाण्याहून कल्याणकडे जाताना दिवा गेलं की डोंबिवलीच्या अलीकडे जे स्टेशन लागतं, ते आमचं कोपर. जलद गाड्या इथं थांबत नाहीत. थांबत नाहीत म्हणजे आमच्या तोंडावर वारा मारून जातात. स्टेशन दुमजली आहे. खालून मुख्य मार्ग जातो, वरून दिवा-वसईचा. गावाला हे नाव कुणी दिलं ठाऊक नाही, पण माणूस द्रष्टा असला पाहिजे. कारण इथून सकाळच्या लोकलमध्ये शिरायचं तर हात उपयोगाचा नाही, पाय उपयोगाचा नाही, कोपरच लागतं.

कोपरच्या माणसाचा डाव घराबाहेर पडल्या क्षणीच सुरू होतो. बुद्धिबळातल्या प्याद्याला मागं जाता येत नाही. आमच्या प्याद्याला येतं. मुंबईला जायचं असलं की तो आधी उलट्या दिशेनं डोंबिवलीला, नाहीतर थेट कल्याणला जातो, आणि तीच गाडी परत फिरली की खिडकीशी बसून, फलाटावरच्या आपल्याच शेजाऱ्यांकडे दयार्द्र नजरेनं पाहत पुन्हा कोपरवरून जातो. ज्यांना बसायला मिळत नाही ते मुत्सद्देगिरीवर उतरतात. “आपण कुठं उतरणार?” हा प्रश्न लोकलमध्ये ओळख वाढवण्यासाठी विचारत नाहीत. समोरचा “घाटकोपर” म्हणाला की त्याच्या जागेवर विचारणाऱ्याचा हक्क नोंदला जातो, आणि हा हक्क मोडण्याची हिंमत कुणी करीत नाही. जगातले बरेच तह ह्यापेक्षा कमी पाळले गेले आहेत.

एवढी झुंज देऊन जागा मिळाल्यावर माणसानं डोळे मिटावेत की नाही? नाही. एखाद्या डब्यात अजूनही चार जण गुडघ्याला गुडघा लावतात. पूर्वी गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी व्हायची, आता लॅपटॉपची सॅक उताणी होते. तिच्यावर वर्तमानपत्र अंथरलं जातं आणि मेंढीकोट सुरू होतो. मेंढी म्हणजे दश्शी. चारही दश्श्या गोळा करायच्या, समोरच्यावर कोट चढवायचा. त्यांतला एकजण ऑफिसात साहेबापुढं “हो सर”पलीकडे तोंड उघडत नसेल, पण कुर्ला गेल्यावर तो असा काही पत्ता आपटतो आणि “हुकूम!” म्हणून ओरडतो, की पलीकडच्या बाकावरचं मूल जागं होतं. दिवसभर दुसऱ्याचे हुकूम झेलणाऱ्या माणसाला स्वतः हुकूम बोलण्याची एवढी एकच जागा उरलेली असते.

मला वाटलं, हे आपल्या चाकरमान्यांचंच वेड असेल. म्हणून थोडी जुनी पानं उलटून पाहिली. तेव्हा लक्षात आलं, की माणूस वाट पाहायला लागला तेव्हापासून तो खेळतोच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडी फरशीवर पटखेळांच्या खाचा कोरलेल्या सापडतात. त्या कुणी कोरल्या, भिक्षूंनी, व्यापाऱ्यांनी की पावसात अडकलेल्या गुराख्यांनी, हे दगड सांगत नाही. पण दोन हजार वर्षांपूर्वी आमचं कल्याण नावाजलेलं बंदर होतं, आणि इथला माल नाणेघाटातून वर जुन्नरकडे जायचा. म्हणजे कल्याणहून माणसांनी लांबचा प्रवास करावा, वाटेत ताटकळावं, हे ‘तांत्रिक बिघाडामुळे’ ह्या शब्दांपेक्षा बरंच जुनं आहे.

दुसरा पुरावाही कल्याणचाच आहे, पण ते कल्याण जंक्शन नव्हे. चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बसवकल्याण. तिथं राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ११३०च्या सुमाराचा एक संस्कृत ग्रंथ आहे: ‘मानसोल्लास’. नावातच औषध आहे! वीस-वीस अध्यायांचे पाच भाग. राज्य मिळवावं कसं, टिकवावं कसं, हत्ती पारखावे कसे, मांडे आणि वडे करावे कसे, असं सगळं सांगून झाल्यावर राजानं शेवटचे दोन भाग चक्क विनोद आणि क्रीडा यांना दिले आहेत, आणि त्यांत बुद्धिबळही आहे. पाचांतले दोन भाग करमणुकीला! आमच्या ऑफिसच्या नियमपुस्तकात ह्या विषयाला अर्धी ओळ आहे, आणि तीही ‘कामाच्या वेळेत मनाई’ अशी.

राजाला विरंगुळा हवा, हे समजतं. पण शास्त्रीबुवांना? पैठणचं भट्ट घराणं काशीला जाऊन स्थायिक झालं. त्यांतल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ रचला. त्याच्याच एका भागावरून, ‘व्यवहारमयूखा’वरून, पुढं मुंबईच्या हायकोर्टात वारसाहक्काचे दावे लढले गेले. म्हणजे भावाभावांची डोकी फोडणाऱ्या विषयातलं हे प्रमाण. आणि ह्याच पंडितांनी दुसऱ्या भागात, राजनीतीवरच्या ‘नीतिमयूखा’त, बुद्धिबळाची माहिती दिली आहे. घोड्यानं एकही घर दोनदा न शिवता चौसष्ट घरं कशी फिरावीत, ह्याचं कोडंही सोडवून दाखवलं आहे. मला तर स्पष्ट दिसतं: दिवसभर दायभागाचे वाद निस्तरून शास्त्रीबुवा दमले असावेत, आणि ज्याची वाटणी मागायला कुणीच येणार नाही अशी चौसष्ट घरं त्यांनी रात्री पुढ्यात ओढली असावीत.

तळकोकणात सावंतवाडीला विरंगुळा गोल होता. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले, लाखेचा लेप दिलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफा दहा अवतारांची, प्रत्येकाचे बारा, एकूण १२० पत्ते. त्यांतल्या निम्म्या रंगांत दश्शी भारी आणि एक्का हलका, तर उरलेल्या निम्म्यांत उलट. शिवाय दिवसा खेळलात तर रामाचा मान, रात्री खेळलात तर कृष्णाचा. एवढं सगळं ध्यानात ठेवून, १२० पत्ते पिसून, कुणी काय टाकलं याचा हिशेब मनात ठेवायचा, आणि ह्याला करमणूक म्हणायचं! छापील पत्ते स्वस्त झाले तशी ही कला बुडत चालली. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या शिवरामराजे भोसल्यांनी आणि सत्वशीलादेवींनी राजवाड्यातच चितारी बसवून ती पुन्हा उभी केली.

आता पुण्याकडे वळू, कारण खेळाचा विषय काढला की घरातलं कुणीतरी “आणि मग राज्य बुडतं!” असं म्हणतंच. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाचे दक्षिणेकडले पंडित होते. त्यांनी बुद्धिबळावर ‘विलासमणिमंजरी’ हा संस्कृत ग्रंथ रचला. १८१४ साली मुंबईत त्याचं इंग्रजी पुस्तक निघालं, तेही डाव युरोपियन पद्धतीला जुळवून घेऊन. कारण आपली देशी पद्धत निराळी होती. प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येई. एकट्या राजाखेरीज सगळं सैन्य कापलं गेलं तर ती बुर्जी, म्हणजे अर्धी हार. आणि सर्वांत मानाचा विजय कोणता, तर प्यादेमात. हत्तीनं राजाला कोंडलं तर त्यात नवल काय? प्याद्यानं कोंडलं पाहिजे! तर पेशवाईच्या पटावर युरोपियन पद्धत आली १८१४ साली, आणि पटाबाहेर आली १८१८ साली. त्या वर्षी बाजीरावानं इंग्रजांपुढं शरणागती पत्करली आणि बिठूरची वाट धरली. अडीच घरांची शेवटची उडी त्यानंही मारली म्हणायची.

लखनौची गोष्ट तर सर्वांना माहीत आहे. अवध खालसा होत असताना दोन सरदार बुद्धिबळ खेळत बसतात, ही कथा प्रेमचंदांनी १९२४ साली लिहिली आणि सत्यजित राय यांनी १९७७ साली पडद्यावर आणली. आमच्या घरी ती टीव्हीवर लागली तेव्हा सौ.नी तोंडातून शब्द काढला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं, मग गळणाऱ्या नळाकडे पाहिलं, आणि मग पुन्हा माझ्याकडे.

आरोप गंभीर आहे. पण तो कुणावर, हे पाहिलं पाहिजे. ज्याच्या हातात खरं राज्य आहे त्यानं लाकडी राज्यात तोंड लपवलं तर तो गुन्हाच. पण ज्याच्या हातात लोकलची कडीसुद्धा पुरती येत नाही, त्यानं कुठलं राज्य बुडवायचं? राजे खेळायचे ते राज्य करून दमले म्हणून. आम्ही खेळतो ते राज्य करून घेऊन दमलो म्हणून. इतिहास पहिल्या जातीचा लिहिला गेला. दुसऱ्या जातीनं मात्र ह्या खेळाला जगवलं.

सांगलीचंच बघा. तिला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली तिथं नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं आणि मुलांना शिकवण्यात आयुष्य घातलं. १९५५ साली आंध्रात एलुरूला राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचं विजेतेपद डी. वेंकय्या यांच्याबरोबर विभागून मिळालं ते आपल्या रामचंद्र सप्र्यांना. पुढं १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ती जिंकली वासंती खाडिलकरांनी. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ते अजिंक्यपद वासंती, जयश्री आणि रोहिणी ह्या तीन बहिणींच्या घरातच फिरत राहिलं. इतर घरांत बहिणी साड्यांची अदलाबदल करतात, ह्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपदाची केली. आणि २०२५च्या जुलैमध्ये नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जियात बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. शतकानुशतकं ज्यांना ‘तुम्ही चहा टाका, आमचा डाव रंगात आलाय’ असं ऐकवलं गेलं, त्यांनी केलेली ही प्यादेमात.

आमच्या चाळीच्या जागी आता इमारत झाली आहे, आणि तिच्यातली पोरं पट मांडत नाहीत, पडदा उघडतात. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा रात्री अकराला घरी येतो, जेवतो, आणि कॉम्प्युटरवर साम्राज्य उभारतो. लाकूड तोडायला माणसं पाठवतो, शेतं पिकवतो, किल्ला बांधतो, शेजाऱ्यावर चाल करून जातो. १९९७ साली निघालेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ची ही पुढली पिढी. त्याची आई म्हणते, “राज्य चालवतो मेला, आणि गिरणीतून दळण आणायला सांगितलं तर पाय दुखतात.” पण हाही खेळ आकाशातून पडलेला नाही. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या राइस्विट्झ नावाच्या लेफ्टनंटनं नकाशावर ठोकळे हलवून लढाई खेळायची पद्धत सरसेनापतींच्या कचेरीला दाखवली, आणि ती तिथल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणातच गेली. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहून शिशाच्या सैनिकांची लढाई घरात कशी खेळावी ते सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की मोठमोठ्या सेनापतींनी हेच खेळावं, म्हणजे खऱ्या लढाईची खुमखुमी जिरेल. पुस्तक चांगलं होतं. पण ज्यांनी वाचायला हवं होतं त्यांनी वाचलं नसावं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

तर मूळ प्रश्न राहतोच. दमलेलं डोकं ह्या असल्या दमवणाऱ्या उद्योगानं हलकं का होतं? पुस्तकांत मला उत्तर सापडलं नाही. ते शेजारच्या काकांकडून मिळालं.

काका बँकेतून निवृत्त झालेले. काकूंचं दुखणं दोन वर्षं चाललं. ह्या तपासण्या, त्या तपासण्या, हा डॉक्टर म्हणतो असं, तो म्हणतो तसं. रोज साडेसातला काकूंना औषध देऊन काका पट काखेत मारून यायचे, एक डाव खेळायचे, बहुतेक वेळा हरायचे, आणि साडेआठला उठून जायचे. दुखण्याबद्दल चकार शब्द नाही. एकदा वजीर फुकट गेला तेव्हा ते बराच वेळ पटाकडे पाहत बसले, आणि म्हणाले, “बरं असतं हे. इथं निदान कुठं चुकलं ते कळतं तरी.”

मग सोंगट्या गोळा करून डबीत भरल्या आणि गेले. काकू गेल्या त्याला चौदा दिवस झाले, त्या संध्याकाळी साडेसातला दारावर टकटक झाली. काका उभे होते, काखेत पट. आम्ही खेळलो. त्या दिवशी सौ.नी नळाकडे पाहिलं नाही; दोनदा चहा दिला.

त्या एका वाक्यात सगळं आहे, असं मला वाटतं. माणूस काळजीनं दमत नाही. आपल्या चालीनं काही फरक पडतो की नाही, हे न कळल्यानं दमतो. बढती का हुकली, भाव का वाढला, गाडी का थांबली, दुखणं का उलटलं, ह्यांतलं काहीच कळत नाही. पटावर मात्र घोडा अडीचच घरं चालतो. साहेबाचा मेहुणा असला म्हणून तीन चालत नाही. समोरच्याचे सगळे मोहरे उघड्यावर असतात. हरलो तर सतराव्या खेळीला हरलो, हे बोट ठेवून दाखवता येतं. आणि सर्वांत मोठी सवलत म्हणजे मेलेलं प्यादं डबीत जातं, आणि पुढल्या डावाला पुन्हा ताठ उभं राहतं. आमच्या मार्गावर तसं होत नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दोन भरगच्च लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातली माणसं खाली पडली, आणि त्यांतली काही परत घरी आली नाहीत. त्या संध्याकाळी आमच्या डब्यात कुणी पत्ते काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी काढले. ते निर्ढावले म्हणून नव्हे. तीच गाडी, तेच वळण, त्याच दारातून जायचं होतं म्हणून.

म्हणून खेळणाऱ्याला ‘वेळ फुकट घालवतोस’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. सोमेश्वरानं राज्य करून पाचांतले दोन भाग स्वतःकडे ठेवले होते. कोपरचा माणूस दिवसाच्या चोवीस तासांतून एक तास मागतो. तेवढ्यात त्याला राजा चालवायचा असतो, वजीर वाचवायचा असतो, आणि साधलंच तर एखादी प्यादेमातही करायची असते. नळ रविवारी बघता येईल.

रविवारी मेगाब्लॉक असतो, त्यामुळे माणूस घरीच असतो. तेव्हा दोन डाव होतात.